गळ्याखालचा माणूस

माणसाची खरी ओळख त्याच्या चेहऱ्यात नसते, असं मोठमोठ्या लोकांनी सांगून ठेवलं आहे. ती त्याच्या अंतरंगात असते, कर्तृत्वात असते, फार तर डोळ्यांत असते. माझ्या घरमालकांची ओळख बेंबीच्या डावीकडे तीन बोटांवर होती. तिथे इस्त्रीच्या टोकाचा एक तपकिरी, होडीच्या आकाराचा डाग होता आणि तो मुंबईच्या उपनगरांतल्या हजारो लोकांनी वर्षानुवर्षं पाहिला होता. चेहरा कुणीच पाहिला नव्हता, कारण तो छापत नसत.

काका ‘आधी’ होते.

वजन कमी करण्याच्या जाहिरातीत दोन फोटो शेजारी शेजारी असतात. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. डावीकडे एक पोट पँटीच्या पट्ट्यावरून बाहेर डोकावत असतं आणि उजवीकडे ते नाहीसं झालेलं असतं. हा एकाच माणसाचा नव्वद दिवसांचा प्रवास आहे, असा बघणाऱ्याचा समज असतो. प्रत्यक्षात डावीकडचा माणूस चारकोपला राहायचा आणि उजवीकडचा मालाडला. दोघांची भेट फक्त शूटिंगच्या दिवशी, समोशांच्या ताटाजवळ व्हायची. ‘नंतर’ची माणसं बदलत गेली. एक दुबईला गेला, एकाने जिम काढली. ‘आधी’ मात्र काकाच राहिले.

मी अंधेरीला एका प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासायचो आणि चारकोपला काकांच्या घरातल्या आतल्या खोलीत भाड्याने राहायचो. घर तळमजल्यावर, काका-काकू दोघंच, मुलगी लग्न होऊन नागपूरला. काका मूळचे अकोल्याकडचे. एका सरकारी खात्यात स्टोअरकीपर म्हणून एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. घरातल्या साखरेचा उल्लेख ते ‘शिल्लक’ असा करत. पाहुणे आले की “आवक झाली” म्हणत.

घरात ते कमरेवर अंग झाकत नसत. खाली चट्ट्यापट्ट्यांची अर्धी विजार, वर काही नाही. पहिल्या दिवशी मी चावी घ्यायला गेलो तेव्हा आधी पोट दारात आलं, मग काका. मी नजर कुठे ठेवावी या विचारात असताना ते म्हणाले, “बघ, बघ. सगळे बघतात.” त्या वेळी मला हा साधा मोकळेपणा वाटला. ते शब्दशः खरं होतं, हे पुढे कळलं.

रोज सकाळी दात घासून झाले की काका टेप घेऊन पोट मोजत आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहीत. त्याच चौकोनात काकू दुधाचे लिटर लिहायच्या. त्यामुळे महिनाभर ‘दीड, चव्वेचाळीस’, ‘दीड, चव्वेचाळीस’, ‘दोन, साडेचव्वेचाळीस’ अशी जोडपी दिसत. माप पाऊण इंचाने जरी घसरलं तरी काकांच्या चेहऱ्यावर काळजी दिसे. त्या दिवशी भातावर तूप जास्त पडायचं.

हा माणूस आळशी होता असं मात्र कुणी समजू नये. रोज पहाटे ते तासभर खाडीच्या बाजूला चालून येत. डॉक्टरकडे वर्षातून दोनदा जात आणि रिपोर्ट घेऊन येताना ते एखाद्या खात्याने पास केलेल्या बिलासारखे हातात धरत. “तब्येत वेगळी, माप वेगळं,” ते म्हणायचे. “दोन्ही एका कपाटात ठेवले की घोटाळा होतो.”

इस्त्रीच्या डागाची हकिकत काकूंनी सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला साहेबांची तपासणी होती आणि शर्टाला ऐन पोटावर चुणी पडलेली. शर्ट काढा, इस्त्री करा, घाला, एवढा वेळ नव्हता. “म्हणून अंगावरच फिरवली,” काकू म्हणाल्या. “एवढा मोठा सरकारी माणूस, पण अक्कल पाहा बाप्पा.”

“चुणी गेली की नाही, ते सांग,” काका आतून ओरडले.

जाहिरातवाल्यांना हा डाग नको होता. मेकअपने झाकू म्हणाले. काकांनी नकार दिला. खात्यात भंगाराचा लिलाव निघायचा तेव्हा नोटिशीत एक वाक्य ठरलेलं असे: माल ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विकला जाईल. म्हणजे गंज असेल तर गंजासकट, पोचा असेल तर पोच्यासकट. नंतर तक्रार चालणार नाही. काकांनी एकतीस वर्षं या वाक्याखाली सह्या केल्या होत्या आणि त्यातून एक जीवनदृष्टी काढली होती. तिला जीवनदृष्टी म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं. ते तिला ‘अट’ म्हणायचे. “अट एकच. जसं आहे, जिथं आहे. डाग पुसायचा असेल तर दुसरं पोट बघा.” दुसरं पोट बघितलं गेलं, पण त्याला एवढी गोलाई नव्हती. डाग राहिला.

या धंद्यात ते आले कसे, तर पाणी गेलं म्हणून. इमारतीच्या गच्चीवर टाकीचा वॉल्व्ह अडकला होता आणि काका नेहमीप्रमाणे उघडेच वर गेले. समोरच्या इमारतीत जाहिरातींना माणसं पुरवणारा एक कोऑर्डिनेटर राहायचा. तो गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होता. त्याने दोन इमारतींच्या मधून हाक मारली, “अंकल, तुमचा पोर्टफोलिओ आहे का?”

काका म्हणाले, “पोर्टफोलिओ मंत्र्यांना असतो. मी स्टोअरला होतो.”

दुसऱ्या आठवड्यात ते एका पाचक चूर्णावर झळकले.

आता माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, उंची साडेपाच फूट, वजन ब्याण्णव किलो. यात जगावेगळं काही नव्हतं. जगावेगळी होती ती मी त्यावर खर्च केलेली बुद्धी. ग्रुप फोटोत मी नेहमी मागच्या रांगेत असायचो. पुढच्या रांगेत बसायची वेळ आलीच तर कुणाचं तरी बाळ मांडीवर घ्यायचो. आमच्या घराण्यातल्या सात बाळांचे पहिले फोटो माझ्या पोटापुढे आहेत आणि त्यांच्या आया मला मुलांची फार आवड आहे असं समजतात. ऑफिसची बॅग मी पाठीवर न लावता पुढे लावायचो, चोरांच्या भीतीने, असं सांगून. आणि बाहेर पडल्यापासून घरी येईपर्यंत पोट आत ओढून धरायचो. याची इतकी सवय झाली होती, की हसताना, शिंकताना, साहेबांशी बोलतानाही ते आतच असे. कपाटात तीन पँटी होत्या, मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असतानाच्या. त्या मी बारीक झाल्यावर घालणार होतो. चार वर्षं झाली होती.

तेवढ्यावर भागलं असतं, पण आईने साताऱ्याहून माझं नाव विवाहमंडळात घातलं आणि फोटो लावला तो मित्राच्या लग्नातला, मी तेवीस वर्षांचा असतानाचा. त्यात मला मान होती. मी आईला फोटो बदल म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला तो फोटो पाहून त्या मुलाचा हेवा वाटायचा.

मुलुंडच्या एका मुलीला तो पसंत पडला. ती एका शाळेत गणित शिकवायची. फोनवर बोलणं सुरू झालं, तीन आठवडे चाललं, आणि घोटाळा असा झाला की ते बोलणं मला फार आवडायला लागलं. ती माझ्या विनोदांना लगेच हसायची नाही. दोन सेकंदांनी, तपासून हसायची. मला असा वाचक कधी मिळाला नव्हता. मग तिने विचारलं, “भेटायचं का?” आणि मी म्हणालो, “पुढच्या रविवारी दहावीच्या पुस्तकाची मुद्रितं आहेत.” त्याच्या पुढच्या रविवारी मी एका आत्याला आजारी पाडलं. मला आत्या नाही.

हा वेळ मला हवा होता, कारण बोरिवली स्टेशनजवळच्या एका वजन घटवण्याच्या केंद्रात मी नाव घातलं होतं. नव्वद दिवसांत फोटोतला मुलगा परत येणार होता. केंद्रातल्या बाईंनी मला खुर्चीवर बसवलं, माझ्या पोटाकडे सहानुभूतीने पाहिलं आणि भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. “हे आमचे एक क्लायंट आहेत सर. बघा, कुठून कुठे आले.”

मी पाहिलं. बेंबीच्या डावीकडे तीन बोटांवर होडी होती.

“हे कधीचे क्लायंट?” मी विचारलं.

“तीन वर्षं झाली असतील. आता तुम्ही त्यांना ओळखणारसुद्धा नाही.”

त्या दिवशी सकाळीच बाथरूमच्या रांगेत मी त्यांच्या मागे उभा होतो. तरीही मी पावडरीचा डबा घेऊन आलो. सुशिक्षित माणसाला सत्य दिसल्यानंतरही काही दिवस लागतात.

डबा मी खोलीत लपवला होता, पण दूध मिसळायला स्वयंपाकघरात जावं लागे, आणि एका सकाळी मी ग्लास ढवळत असताना काका टेप घेऊन आत आले. त्यांनी डबा उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि ओळख पटल्यासारखे हसले. “हा मी.”

“हो काका.”

“तू हे पितोस?”

“हो.”

“मी कधी प्यायलो नाही. तो मालाडवाला पोरगाही पीत नाही, त्याला याने जुलाब होतात.” ते विचारात पडले. “मला नेहमी प्रश्न पडायचा, मग हे पितो कोण?”

काकू पोळ्या लाटता लाटता थांबल्या. “काऊन छळता त्याला? काही कारण असन त्याचं.” मग माझ्याकडे वळून, “कारण काय रे?”

मी सांगून टाकलं. फोटो, मुलुंड, आत्या, सगळं. काका पोटावर हात ठेवून ऐकत होते. मी संपवल्यावर त्यांनी हिशोब मांडला. “म्हणजे बघ, तू तिला ‘नंतर’ पाठवलास आणि ‘आधी’ घरात लपवून ठेवलास. जाहिरातवालेसुद्धा इतकं करत नाहीत. ते दोन्ही छापतात.”

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज शांत होता. “आत्या कशा आहेत?” तिने विचारलं. बऱ्या आहेत, म्हणालो. “छान. मग पुढच्या रविवारी भेटू. आणि अजून एकदा पुढे ढकलावंसं वाटलं, तर ढकलू नका, राहूच द्या. मला वाईट वाटेल, पण मी समजून घेईन.” शेवटचं वाक्य मला रात्रभर टोचलं नाही, कारण मी त्याच क्षणी घामाघूम झालो आणि सगळं टोचणं तेव्हाच उरकलं.

मध्येच काकांच्या डेंग्यूविषयी सांगतो. हे पुढच्या वर्षीचं आहे, पण इथे बसतं. काका तापाने बारा दिवस हॉस्पिटलात होते. घरी आले तेव्हा अकरा किलो कमी झाले होते. होडी सुकून तिचं वल्हं झालं होतं. चालायला भिंत लागायची. आणि इमारतीतले लोक भेटायला येत आणि म्हणत, “वा काका! काय मस्त बारीक झालात! काय केलंत?”

“मरत होतो,” काका सांगत.

“पण छान वाटतं हो. दहा वर्षांनी तरुण दिसता.”

एका बाईंनी तर त्यांना डाएट लिहून मागितला. काका भयंकर दुखावले. “एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं,” ते मला म्हणाले, “चोरी झाल्यावर अभिनंदन करणारे पहिल्यांदा बघतोय.” कोऑर्डिनेटरने फोन करून सुचवलं, की आता ‘नंतर’चाच फोटो काढून घेऊ, खराखुरा, एकाच माणसाचा, धंद्याच्या इतिहासात असं झालेलं नाही. काका नाही म्हणाले. ताप ही काही जाहिरातवाल्यांची पावडर नव्हती. पाच महिन्यांनी कॅलेंडरवर पुन्हा ‘दीड, चव्वेचाळीस’ आलं तेव्हा त्यांनी सोसायटीत पेढे वाटले. कसले, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लोकांना वाटलं, नागपूरला नातू झाला.

तर तो रविवार. मुलुंडची भेट संध्याकाळी सहाला ठरली होती आणि सकाळी सातला काका चक्क शर्ट घालून माझ्या दारात उभे. “चल, मढला शूटिंग आहे. बघायला चल. घरात बसून नखं खाशील.” मी गेलो. मार्वेच्या रस्त्याने रिक्षा जाताना काकांनी दोन केळी खाल्ली, कारण ‘आधी’ने उपाशी जायचं नसतं.

समुद्राकडे पाठ करून उभा असलेला एक बंगला होता. दिवाणखान्यात पांढरा पडदा, दिवे, आठ-दहा माणसं. कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मालाडवाला ‘नंतर’ बसला होता. एखाद्या मूर्तीसारखं अंग, आणि चेहरा निकाल लागायच्या आदल्या दिवसाचा. आदल्या संध्याकाळपासून तो पाणी प्यायला नव्हता. पाणी प्यायलं की स्नायू उठून दिसत नाहीत म्हणे. शेजारी समोशांचं ताट होतं. तो समोसा हातात घ्यायचा, वास घ्यायचा आणि परत ठेवायचा.

“तुमचं शरीर फारच छान आहे,” मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो.

“कुठे यार!” तो कळवळून म्हणाला. “पोटऱ्या बघा ना. बगळ्यासारख्या. म्हणून मी फुल पँटच घालतो. बीचवर गेलो नाही सहा वर्षं.” बाहेर शंभर पावलांवर बीच होता. “तुमचं बरं आहे सर. टेन्शन नाही.”

मला त्याला माझ्या सात बाळांविषयी सांगावंसं वाटलं. पण तेवढ्यात आत गडबड झाली. या वेळची जाहिरात ‘वडील आणि मुलगा’ अशी होती, दोन ‘आधी’ हवे होते आणि मुलाचं काम करणाऱ्याचा फोन आला होता की बायकोला दवाखान्यात नेलंय. फोटो काढणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. काकांनी माझ्याकडे बघितलं.

“काका, नाही.”

“मी कुठे काय म्हणालो?”

“मी बघायला आलोय.”

“मग जवळून बघ.”

पुढच्या पाच मिनिटांत काय झालं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की मी पांढऱ्या पडद्यासमोर कमरेवर उघडा उभा होतो, आणि दहा अनोळखी माणसं माझ्याकडे बघत होती. ज्या प्रसंगाच्या भीतीने मी पाच वर्षं पोहायला गेलो नव्हतो, तो हा. आणि नवल म्हणजे कुणी हसलं नाही. दिवेवाला म्हणाला, “इनका पेट थोडा डावीकडे घ्या.” एकीने माझ्या पाठीवर पावडर थापली आणि थापता थापता मैत्रिणीला फोनवर भाजीचं काहीतरी सांगत राहिली. कपाट सरकवताना कपाटाला जितका मान मिळतो, तितका मला मिळत होता.

“सर, श्वास सोडा,” फोटोवाल्या बाई म्हणाल्या.

“सोडलाय.”

“पोट आत ओढलंय तुम्ही. आम्हाला बाहेर पाहिजे.”

मी प्रयत्न केला. पोट येईना. मला खरंच ते सोडता येत नव्हतं. कुठली गाठ सोडायची असते तेच विसरलो होतो. सगळे थांबले होते. समोसा हातात धरून मालाडवालाही बघत होता.

काका जवळ आले, माझ्या शेजारी उभे राहिले, आणि हळू म्हणाले, “सोड रे.”

“सुटत नाही, काका.”

“कोणासाठी धरलंयस?”

मी उत्तर शोधायला लागलो. आई, ऑफिस, मुलुंड, तो लग्नातला मुलगा. एकेक नाव डोळ्यांपुढून गेलं आणि त्यातला एकही माणूस त्या खोलीत नव्हता. “आता मोजून तीन,” काका म्हणाले, “एक, दोन…” आणि तीन म्हणायच्या ऐवजी त्यांनी माझ्या बरगडीत बोट खुपसलं. मी खो खो हसलो आणि पोट धप्पकन खाली आलं. पाच वर्षांनी. मला आधी वाटलं, पँटीचं बटण तुटलं. मग लक्षात आलं की हा श्वास आहे.

बाईंनी तेवढ्यात दिव्यांचा अंदाज घ्यायला एक फोटो काढला, मग स्क्रीनवर पाहिलं. पुढून, बाजूने, तिरकं. मान हलवली. “नाही चालणार.”

“का?” मी विचारलं.

“नॉर्मल दिसतंय, सर. ‘आधी’त काहीतरी प्रॉब्लेम दिसला पाहिजे ना. हे असं कुणाचंही असतं.”

मला अपमान वाटला. ज्या पोटासाठी मी एक खोटी आत्या आजारी पाडली होती, ते कुणाचंही असतं! “अजून थोडं बाहेर येईल,” मी म्हणालो. “सकाळी मी काही खाल्लेलं नाही.” मी चक्क पोटाची रदबदली करत होतो. बाई सज्जन होत्या. “पुढच्या वेळी बघू,” त्या म्हणाल्या. शेवटी दिवेवाल्याला मुलगा केलं.

परतीला रिक्षात काका माझी समजूत घालत होते. “एवढं मनाला लावून घेऊ नको. प्रत्येकाला जमतं असं नाही.” मी बाईंकडून दिव्यांचा तो फोटो फोनवर मागून घेतला होता. त्यात आम्ही दोघे उघडे, काकांचं बोट माझ्या बरगडीत, दोघांची तोंडं हसून वाकडी आणि दोन्ही पोटं आपापल्या जागी. फोटोवाल्यांना दिवे बघायचे होते, म्हणून डोकी कापलेली नव्हती. मी तो मुलुंडला पाठवून दिला. खाली लिहिलं: ‘विवाहमंडळातला फोटो आठ वर्षांपूर्वीचा आहे. हा आज सकाळचा. आत्या नाही. सहाला येऊ का?’

निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही. चारकोप आलं, जेवण झालं, काका झोपले, काकू दोनदा खोलीत डोकावून गेल्या. “आलं का रे?” “नाही.” “येईन. गणिताची बाई हाये, रीत लिहूनच उत्तर देईन.” चार वाजता फोन वाजला.

‘डावीकडचे कोण? छान आहेत. माझी उंची मंडळात पाच दोन लिहिली आहे, ती पाच फूट आहे. या. येताना शर्ट घाला.’

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. ती अजूनही माझ्या विनोदांना दोन सेकंदांनी हसते. आमच्या लग्नाच्या फोटोंत मी पुढच्या रांगेत आहे आणि माझ्या मांडीवर कुणीही नाही. पोट मी आजही कधीकधी विसरून आत ओढतो, पण मग तीच बरगडीत बोट घालते. तीन पँटी तिने बोहारणीला दिल्या.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. रविवारी दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत, वय चौऱ्याहत्तर. जिन्यात लगेच कुजबुज झाली की शेवटी वजनाने नेलं. त्यांचे थोरले बंधू काटकुळे होते आणि छप्पन्नाव्या वर्षी गेले होते. त्या वेळी कुणी बारीकपणाला दोष दिल्याचं ऐकिवात नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमासाठी गेटवर आदरांजलीचा फ्लेक्स लावायचा ठरलं आणि फोटो शोधायला गेलो तर पंचाईत झाली. काकांचे फोटो पिशवीभर होते. चूर्णाचे, पट्ट्याचे, पावडरीचे, चहाचे. सगळे गळ्याखालचे. आयुष्यात या माणसाचे जेवढे फोटो निघाले तेवढे आमच्या अख्ख्या इमारतीचे निघाले नसतील, आणि एकातही डोकं नव्हतं. आधार कार्डावरचा काकूंनी बाद केला. “त्यात चोरासारखे दिसतात.” लग्नातला होता, पण त्यात काका बावीस वर्षांचे आणि बारीक. “हा कोण ओळखन?” मग मी माझ्या फोनमधला मढचा फोटो दाखवला. काकूंनी तो मोठा करून पुष्कळ वेळ पाहिला.

“हाच. यातून तू निघ, बाकी असाच लाव.”

सोसायटीचे सेक्रेटरी चुळबुळले. “काकू, गेटवर लागणार आहे. शर्ट नाहीये त्यांच्या अंगात…”

“साऱ्या मुंबईनं पाह्यलं ते पोट. तुमच्या वॉचमननं पाह्यलं तर काय बिघडते?”

मीही हटलो नाही. एके काळी स्वतःला प्रत्येक फोटोतून कापून घेणारा मी त्या दिवशी फ्लेक्सवाल्याच्या दुकानात उभं राहून त्याला तीनदा सांगितलं: फक्त शेजारचा माणूस काढायचा, म्हणजे मी; बाकी काही करायचं नाही. वर ‘आदरांजली’, खाली नाव, आणि फोटो जसा आहे तसा. डागासकट.

तो “हो सर, हो सर” म्हणाला. चांगला माणूस होता. घरात दुःख आहे, गडबडीत शर्ट नसलेला फोटो आला, आता हे कसं सांगणार, असा त्याने विचार केला. आणि कुणी न सांगता, केवळ माणुसकीने, कॉम्प्युटरवर काकांना कोट घातला. निळा कोट, पांढरा शर्ट, लाल टाय. त्याच्याकडे कोट एकच होता. चारकोपमधले सगळे वाढदिवस, सगळ्या नियुक्त्या आणि सगळे मृत्यू त्याच कोटात होतात. तो कधीतरी कुणा सडपातळ मॉडेलच्या अंगावरून उचललेला होता, त्यामुळे खांदे-छाती-पोट सगळं कोटाबरोबरच आलं. वर फक्त काकांचं हसणारं डोकं बसवलं होतं. सकाळी दहाला फ्लेक्स आला, साडेदहाला माणसं यायला लागली. बदलायला वेळ नव्हता.

काकू गेटपाशी आल्या, पदर सावरून वर पाहिलं. “डोकं यांचंच हाये,” त्या म्हणाल्या. “खाली तं तो मालाडवाला पोरगा दिसते.”

फ्लेक्स तीन दिवस होता. येणारे लोक समोर थांबत, हात जोडत आणि आत जाताना हळहळून म्हणत, शेवटी शेवटी किती बारीक झाले होते.

मी पुढचा डावा खांदा दिला होता. ते बारीक झालेले नव्हते.